उंचीची भीती आणि आकाशपाळणा

भायखळ्यात राहूनही चौथ्या मजल्याच्या गॅलरीत मी जात नसे. माहीमच्या जत्रेत मुलगी आकाशपाळण्यात, मी खाली!

भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते. तिथून पळालं की बरं वाटतं, म्हणूनच भीती पक्की होते. एक चांगला उपाय: पायरीपायरीने सामोरं जायचं, धडधड ओसरेपर्यंत थांबायचं.

मी रोज दुसऱ्या मजल्यावर, मग चौथ्यावर उभा राहिलो. डिसेंबरात मुलीसोबत पाळण्यात बसलो. पहिल्या फेरीला डोळे घट्ट मिटलेले. तिसऱ्या फेरीला समुद्र पाहून दोघं ओरडत होतो. धडधड तीच, पण आता मजा येत होती!

तुम्हीही छोट्या पायरीपासून सुरुवात करा. हृदयविकार, चक्कर किंवा गरोदरपण असेल तर पाळण्यात बसण्याआधी डॉक्टरांना विचारा. भीतीमुळे रोजची कामं अडत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.