नातीचा अभ्यास आणि माझी लाल शाई



गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एक बाई घरी आल्या. मुलगा दहावी झालाय, आता आयबी डिप्लोमा घ्यायचा म्हणतोय. "काकू, तुमच्या नातीने केलंय ना, कुठली पुस्तकं, कुठल्या साइट्स, जरा सांगा ना." आता मी मराठी घेऊन बी. ए. झालेली, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. मला काय कळतंय त्यातलं? पण दोन वर्षं नातीच्या टेबलाशेजारी भाजी निवडत बसले होते, तेवढ्यात जे कानावर पडलं ते सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगायची टाळली. ती इथे लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (हा शब्द नीट म्हणायला मला सहा महिने लागले). संस्था जिनिव्हाची, 1968 सालची. अकरावी-बारावीच्या जागी दोन वर्षांचा डिप्लोमा. सहा विषय, त्यातले साधारण तीन वरच्या पातळीवर. प्रत्येक विषयाला 7 पैकी गुण, म्हणजे 42. उरलेले 3 गुण दोन गोष्टींवर: 4000 शब्दांचा एक संशोधनपर निबंध, आणि 'आपल्याला जे माहीत आहे ते कसं माहीत आहे' असा विचार करायला लावणारा एक विषय. त्याशिवाय खेळ, कला, समाजसेवा हेही नोंदवून ठेवायचं. आमची अकरावीची मॅट्रिक आठवली की हसू येतं. आम्हाला वाटायचं, आमच्याइतका अभ्यास जगात कोणी करत नाही!

सुरुवातीला चिरंजीवांनी पुस्तकांवर धडाधड पैसे ओतले. एकेका विषयाची दोन-दोन जाडजूड पुस्तकं. त्यातली निम्मी कोरी राहिली. खरी उपयोगी वस्तू निघाली ती वेगळीच: प्रत्येक विषयाची 'गाइड'. आपल्याकडचं उत्तरं छापलेलं गाइड नव्हे हो! अभ्यासक्रम नेमका काय, काय यायला हवं, गुण कशाला मिळणार, हे सांगणारी पुस्तिका. ती शाळेकडे असते, पण मुलं उघडतच नाहीत. नातीची प्रत मी चाळली आणि शेवटची यादी पाहून खूश झाले. प्रश्नात 'वर्णन करा' असेल तर काय अपेक्षित, 'स्पष्ट करा' म्हणजे काय, 'मूल्यमापन करा' म्हणजे काय, सगळं लिहिलेलं. अहो, हेच तर मी जन्मभर घसा फोडून सांगत होते! 'कारणे द्या'ला गोष्ट लिहून ठेवणारी पोरं दरवर्षी निघायचीच.

दुसरी वस्तू म्हणजे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या गुणदानाच्या योजना. त्या शाळेकडून रीतसर घ्याव्यात. त्या वापरायची रीत मात्र नातीची चुकत होती. प्रश्न वाचायचा, लगेच उत्तर बघायचं, आणि "हो, हे मला येतंय" म्हणून पुढे जायचं. मी म्हटलं, "अगं, घड्याळ लाव, पेपर पूर्ण लिही, आणि मला दे." "आजी, तुला केमिस्ट्री येते का?" "नाही येत. पण तपासता येतं."

आणि खरंच येतं हो. योजनेत प्रत्येक गुणासाठीचा मुद्दा वेगळा मांडलेला असतो. तो मुद्दा नातीच्या उत्तरात दिसला तर बरोबरची खूण, नाही तर नाही. मला अर्थ कळायची गरजच नाही! जिथे मला मुद्दा सापडायचा नाही तिथे ती भांडायची, "अगं, तेच लिहिलंय मी, वेगळ्या शब्दांत." मग तिने मला ते समजावून सांगायचं. समजावताना कधी तिलाच कळायचं, की आपण ते लिहिलेलं नाही, फक्त मनात होतं. वेगळ्या शब्दांतला तोच अर्थ चालतो, असं त्या योजनेतही लिहिलेलं असतं म्हणा. आणखी एक मला फार आवडलं. गणिताच्या पहिल्या पायरीत चूक झाली, पण पुढची रीत बरोबर असली तर पुढचे गुण कापत नाहीत. एका चुकीची शिक्षा एकदाच.

फुकटातल्या चांगल्या गोष्टीही आहेत. खान अकॅडमी बहुतेकांना माहीत असतेच. कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' नावाचे प्रयोग आहेत, संगणकावर तारा जोडा, दिवा लावा, लंबक हलवा. ते मीसुद्धा तासभर खेळत बसले. आलेख काढायला डेस्मॉस. पाठांतरासाठी अँकी, त्यात विसरायच्या बेताला आलेलं कार्ड बरोब्बर पुन्हा समोर येतं. आपली एनसीईआरटीची पुस्तकं नेटवर मोफत आहेत, पाया कच्चा असेल तर आधी तीच वाचावीत. सायन्सला सूत्रांची आणि आकड्यांची जी पुस्तिका परीक्षेत मिळते ती पहिल्या दिवसापासून टेबलावर असावी, कुठल्या पानावर काय हे हाताला माहीत हवं. व्हिडिओंचं मात्र माझं काही चांगलं मत नाही. बघताना सगळं कळतं आणि पेपर समोर आला की पाटी कोरी.

असो. आता ती टाळलेली गोष्ट.

4000 शब्दांच्या निबंधासाठी नातीने आवळा घेतला होता. आवळ्याचा रस वेगवेगळ्या तापमानाला तापवला तर क जीवनसत्त्व किती उरतं, हा प्रश्न. शाळेच्या प्रयोगशाळेत रसात स्टार्च घालून वरून थेंब थेंब आयोडीन सोडायचं. क जीवनसत्त्व आहे तोवर ते आयोडीन खातं, संपलं की निळा-काळा रंग टिकतो. ऐकायला सोपं. पण आकडे काही जुळेनात. एकाच रसाचे तीन प्रयोग, तीन उत्तरं. साठ अंशाला कमी आणि सत्तरला जास्त! मसुदा द्यायला पंधरा दिवस उरलेले आणि पोरगी रात्री दोन वाजता डायनिंग टेबलावर डोकं ठेवून रडत होती.

याच सुमारास एका शिकवणीच्या सरांनी चिरंजीवांना सुचवलं, की तयार निबंध आहेत, थोडे फेरफार करून देतो. रक्कमही सांगितली. चिरंजीव चिडले नाहीत, हे मला खटकलं. "आई, सगळेच घेतात गं. एकदा हे संपू दे." सूनबाई गप्प. आणि नात म्हणाली, "आजी, मी फक्त दोन आकडे बदलते. कोणाला कळणारे?"

मी काही उपदेश केला नाही. कारण मला तोंड नव्हतं. पुष्कळ वर्षांपूर्वी तालुक्याच्या निबंध स्पर्धेला मी माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाला निबंध लिहून दिला होता. सबंध. त्याने पाठ केला, पहिला आला, शाळेचं नाव झालं, मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं. मग जिल्ह्याला आयत्या वेळी विषय दिला. तो दोन तास बसून कोरा कागद देऊन आला. परतताना एसटीत माझ्या शेजारी बसला होता, सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत. त्यानंतर वर्गात त्याने हात वर केलेला मला आठवत नाही. लिहिता येत होतं हो त्याला! मी दिला नसता तर त्याने त्याचा लिहिला असता, कदाचित तिसरा आला असता.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांनाही नाही. त्या रात्री नातीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू त्याला सॉरी म्हणालीस?" मी म्हटलं, "नाही." बस, एवढंच.

सकाळी तिने आकडे तसेच ठेवले आणि मार्गदर्शक शिक्षिकेला जाऊन जसं आहे तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, का जुळत नाही ते शोध, तोच तुझा निबंध. मग वाचता वाचता तिला सापडलं, की आवळ्यात टॅनिन भरपूर असतात आणि तीही आयोडीन खातात! म्हणजे तिचा प्रयोग नुसतं क जीवनसत्त्व मोजतच नव्हता. शिवाय एक दिवस ताजे आवळे, एक दिवस फ्रिजमधले आठवड्याचे (ते मीच दिले होते, मुरंब्याला आणलेले). हे सगळं तिने निबंधात लिहिलं. तिच्या वर्षी त्या निबंधाच्या 34 गुणांपैकी 12 गुण चिकित्सक विचाराला होते. म्हणजे प्रयोग कुठे फसला हे नीट सांगण्यालाही किंमत होती.

हल्ली मुलं चॅटजीपीटीला विचारतात. 2023 मध्ये आयबीने सांगितलं, की बंदी नाही, पण त्याचा मजकूर घेतला तर तसं नमूद करा, आपला म्हणून देऊ नका. नातीने ते टॅनिनचं त्याला आधी विचारलं असतं तर पटकन कळलं असतं, असं ती स्वतःच म्हणते.

2025 च्या मे महिन्यात परीक्षा झाली, जुलैत निकाल लागला. 36 आले. चिरंजीवांना 40 हवे होते. निबंधाला बी श्रेणी. आता ती बंगळूरला आहे, रसायनशास्त्रच घेतलंय.

सोसायटीतल्या त्या बाईंना मी अभ्यासाच्या पुस्तिका दिल्या, साइट्सची नावं कागदावर लिहून दिली. जाताना त्यांनी विचारलं, "आणि तो मोठा निबंध? त्यासाठी कोणी आहे का हो ओळखीचं?" मी नाही म्हटलं. मुलाला शनिवारी पेपर घेऊन यायला सांगितलंय. लाल पेन नवीन आणायला हवं.