सरांचं देणं

माझी आई संगमनेरात विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू. मजुरी हजारी हिशेबाने. आमच्या गल्लीत गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहायचे. निवृत्तीनंतर ते म्युच्युअल फंडाचे एजंट झाले होते. पैशाचा हिशेब मला कळतो तो त्यांच्यामुळे.

त्यांनी फंडात थोडे पैसे टाकायचं सुचवलं, तेव्हा आईने पहिलाच प्रश्न टाकला, "सर, बुडाले तर?"

"ताई, इथे हमी नाही. बाजार पडला की तुमची रक्कमही घटेल. पाच-सात वर्षं हात लावावा लागणार नाही, तेवढेच टाका. दवाखान्याचे, लग्नाचे पोस्टातच राहू द्या."

मग त्यांनी फोड करून सांगितलं. हजारो लोकांचे पैसे एकत्र होतात, फंड मॅनेजर त्यातून अनेक कंपन्यांचे शेअर्स घेतो, आपल्या वाट्याला युनिट्स येतात. एका युनिटचा भाव म्हणजे एनएव्ही; कामकाजाच्या दर दिवशी तो जाहीर होतो. 2007 मध्ये पॅन सक्तीचं झालं, तेव्हा आईचं पॅन कार्ड त्यांनीच काढून दिलं. महिना पाचशेची एसआयपी, त्यासाठी पुढच्या तारखांचे चेक. एकेका चेकवर आई जपून सही करायची.

2008 च्या जानेवारीत एकवीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात निम्म्याहून खाली आला. अशा वेळी एजंट फोन उचलत नाहीत म्हणतात. सर स्वतः घरी आले. माझ्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी मांडलं: भाव 40 असताना पाचशेत साडेबारा युनिट्स, 20 झाला की पंचवीस. दोन्ही मिळून साडेसदतीस, म्हणजे सरासरी भाव 27 च्या आत. "पण बाजार वर येईलच, असं मी लिहून देणार नाही," हेही म्हणाले. आईने एसआयपी चालू ठेवली.

1 जानेवारी 2013 पासून डायरेक्ट प्लॅन आले. फंड तोच, पण एजंटचं कमिशन नसल्याने खर्च कमी. तेव्हा मी नोकरीला लागले होते. सरांनी बोलावून सांगितलं, "तुला आता सगळं समजतं. डायरेक्टमध्ये घे, माझ्यामार्फत नको." स्वतःचं उत्पन्न सोडून देणारा हा सल्ला त्यांनी न मागता दिला. त्यांचं हे देणं माझ्याच्याने फिटायचं नाही.

आईलाही त्यांनी तेच समजावलं. कमिशन किती, कुठून कापलं जातं, सगळं. आईने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझं आहे तसंच राहू द्या, सर. तुमचं तुम्हाला मिळालंच पाहिजे."