पाच पाकळ्यांचा स्क्रू

एखादी वस्तू खरोखर आपली आहे की नाही, हे ओळखण्याची माझी कसोटी अगदी साधी आहे. ती उघडता येते का, एवढेच मी पाहतो. पावती, हमीपत्र, खोक्यावर वाहिलेले हळदकुंकू, यांपैकी कशानेही मालकी सिद्ध होत नाही. उघडता आली तर वस्तू आपली. नाहीतर आपण तिचे पोटभाडेकरू!

माझ्या आईचे शिवणाचे यंत्र होते. त्याच्या लहानशा खणात एक पेचकस नि तेलाची कुपी असे, आणि ती कंपनीनेच यंत्राबरोबर दिलेली होती. 'बाई, यंत्र तुमचे आहे. कुरकुरले तर तुम्हीच पाहा,' असा त्या पेचकसाचा अर्थ. आईचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. पण दोरा तुटू लागला की ती खालची पट्टी काढी, अडकलेला सुताचा गुंता सोडवी, तेलाचे दोन थेंब टाकी आणि पुन्हा परकर शिवायला बसे.

आता माझ्या हातातला फोन पाहा. त्याची बॅटरी थकली म्हणून मी तो उघडायला सांगितले, तेव्हा पुण्याचा माझा इंजिनिअर भाचा मोठ्या दयाबुद्धीने म्हणाला, "मामा, हा उघडायचा नसतो, बदलायचा असतो!" साठी उलटलेल्या मामाने हे वाक्य ऐकून दचकू नये, तर काय करावे?

२०११ च्या सुमारास ॲपलने आपल्या आयफोनला पाच पाकळ्यांचे स्क्रू बसवायला सुरुवात केली. घरातल्या नेहमीच्या पेचकसाला ते दाद देत नसत. पुढे तसले पेचकस बाजारात आले, ही गोष्ट वेगळी. स्क्रू घट्ट बसवणे ही कारागिरी झाली. पण घेणाऱ्यालाच बाहेर ठेवील असा स्क्रू घडवणे, याला काय म्हणावे?

पुस्तकांचेही तेच. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरे; पैसे परत मिळाले, मागाहून कंपनीने माफीही मागितली. पण पुस्तकविक्रेत्याने रात्री आपल्या घरात शिरून कपाटातले पुस्तक न्यावे आणि टेबलावर पैसे ठेवावेत, याला आपण सचोटी म्हणू का? आणि त्या दोहोंतली एक कादंबरी कोणती, तर '१९८४'! सरकारला नको असलेला मजकूर ज्या राज्यात पुसला जातो, त्या राज्याची ती गोष्ट.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक हट्टी गृहस्थ आहेत. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या त्यांच्या प्रयोगशाळेत नवे छपाईयंत्र आले. जुन्या यंत्रात कागद अडकला की रांगेतल्यांना वर्दी मिळावी, अशी सोय त्यांनी प्रोग्रॅम बदलून केली होती. नव्याचा मूळ प्रोग्रॅम मात्र त्यांना कुणी दाखवीना. पुढे १९८३ मध्ये त्यांनी कुणालाही वाचता, बदलता नि वाटता येईल अशी 'ग्नू' ही प्रणाली लिहिण्याची घोषणा केली. लोकांना हे क्रांतिकारक वाटले. मला वाटत नाही. आपल्याकडच्या बायका चकलीच्या भाजणीचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या असेच वागवीत आल्या आहेत. शेजारणीकडून घ्यावे, धणे थोडे वाढवावेत आणि सुधारलेले प्रमाण तिसरीला सांगावे!

आणि या यंत्रांतून 'नको' हा शब्द गेला कुठे? 'होय'चे बटण अंगठ्याएवढे, हिरवेगार. खाली फिकट अक्षरांत 'नंतर पाहू'. अहो, दारावरच्या विमा एजंटालासुद्धा स्पष्ट नाही म्हणता येत असे! ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने असल्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. यादी करण्याची वेळ आली, यातच सगळे आले.

कुणी म्हणेल, एका बटणावरून एवढा त्रागा कशाला? त्याला मी राईनपाड्याचे नाव सांगतो. धुळे जिल्ह्यातल्या त्या गावी १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवांच्या भरात जमावाने पाच निरपराध भटक्या भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मारणारे हात माणसांचेच होते; तो दोष मी यंत्रावर ढकलणार नाही. पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने जाहीर केले, की भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल. म्हणजे असा बांध घालणे आधीही शक्य होते. घातला नव्हता, एवढेच. बटण कुठे नि केवढे हे ठरवणारा माणूस, आपण शेजाऱ्याशी कसे वागावे हेही थोडेसे ठरवीत असतो.

पाडव्याला नवे यंत्र घ्यायला निघालात, तर किती जीबी नि किती मेगापिक्सेल हे अवश्य विचारा. पण आधी तीन प्रश्न विचारा. हे उघडते का? याला 'नको' म्हणता येते का? आणि उद्या याला सोडायचे म्हटले, तर माझे फोटो नि माझी पत्रे मला बरोबर नेता येतील का? दुकानदार तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील. पाहू दे! गिऱ्हाइकाने प्रश्न विचारणे सोडले, म्हणून तर स्क्रूला पाचवी पाकळी फुटली.