घोडीचं ठाण

रात्रीची जेवणं उरकली की आजी दोन भांड्यांत हरभरे भिजत घालायची. पितळी पातेल्यात घरच्यांच्या उसळीचे आणि काळ्या पडलेल्या घमेल्यात चंद्रीचे. हात आखडता असला की पितळी पातेलं फळीवर पालथं असायचं. घमेलं पालथं पडलेलं मला आठवत नाही.

चंद्री आमची घोडी. कुमैत रंग, कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद, अंगाने ठेंगणी पण भरीव. आबा तिच्या शेजारी उभे राहिले की तिची पाठ त्यांच्या छातीला लागायची. मी सांगतोय ते 1970 च्या आगेमागचं केंदूर. कान्होराज पाठकांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ठाऊक असलेलं, वेळ नदीच्या काठचं आणि तरीही पाण्याला कायम तहानलेलं गाव. बाजाराला पाबळ, कोर्टकचेरीला शिरूर. आबा शिरूरला शेवटपर्यंत घोडनदीच म्हणायचे. एसटी होती, पण तिचा भरवसा नव्हता. घोडीचा होता.

गोठ्यात बैल एका अंगाला आणि चंद्री दुसऱ्या अंगाला, दाराजवळ. त्या जागेला ठाण म्हणायचं. तिथली जमीन मुरूम टाकून चोपलेली, मागच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे मूत साचत नसे. पहाटे आबा आधी तिला खरारा करायचे, मग स्वतः चहा घ्यायचे. मानेपासून सुरुवात करून पाठ, पोट, मांड्या. खराऱ्याचा हात चालला की चंद्रीचा खालचा ओठ सैल पडून लोंबायचा. मग भिजल्या हरभऱ्यांचा तोबरा तिच्या तोंडाला चढायचा आणि कडाकडा चावण्याचा आवाज घरभर ऐकू यायचा. आमचा तो उठायचा गजर.

दीड महिन्याने नालबंद यायचा. त्याची वाट आम्ही पोरं बघायचो. तो घोडीला पाठ दाखवून उभा राहायचा, तिचा पाय उचलून स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांत धरायचा आणि वाढलेलं खूर कापून काढायचा. नखासारख्या त्या पांढुरक्या चकत्यांवर कुत्री झडप घालायची. मग नाल टेकवून बघणं, पुन्हा थोडं कापणं, पुन्हा टेकवणं. खिळा ठोकताना त्याचा कान आवाजावर असायचा. खिळा जिवंत भागात शिरत असेल तर आवाज बदलतो, असं तो सांगायचा. सगळं झाल्यावर घोडीला दहा पावलं चालवून बघितल्याशिवाय तो पैसे घेत नसे.

आमचा हा मुलूखच घोड्यांचा. दौंड-बारामतीचा पट्टा जुन्या सरकारी दप्तरांत भीमथडी तालुका म्हणून नोंदला आहे आणि त्या थडीच्या काटक तट्टांवर मराठ्यांच्या फौजा उत्तरेपर्यंत गेल्या. आपल्या राज्यगीतातही या तट्टांचं नाव आहे. शिरूर तालुक्यातल्या एका गावाचं नावच आलेगाव पागा. चंद्री त्याच रक्ताची. ही तट्टं टिकवली ती धनगरांनी. दिवाळी झाली की पारनेरच्या बाजूने त्यांचे वाडे उतरायचे आणि आमच्या वावरात मेंढरं बसायची. मेंढरांच्या आधी घोड्या यायच्या. एकेकीच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड: भांडी, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यांत वर रात्री जन्मलेलं कोकरू. एखाद्या घोडीची पाठ सोलवटलेली दिसली की म्हातारा धनगर तिचं ओझं दुसरीवर टाकायचा आणि जखम भरेपर्यंत तिला मोकळी चालवायचा.

आणि यात्रेतला बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट! आमच्याकडे शिरूर-खेड-आंबेगाव-जुन्नर भागात गाड्यापुढे घोडी पळते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. चार बैल मागून सुटतात आणि पुढे स्वार घोडीवर वाकून असतो. बैल तिच्या मागे जीव खाऊन पळतात. 'भिर्रर्र' असा आवाज उठला की दोन्ही कडांची माणसं उभी राहायची. बारी झाल्यावर पाहुणे बैलांना भंडारा लावायचे आणि आबा गर्दीतून वाट काढत चंद्रीकडे जायचे. तिच्या छातीवर हात ठेवून धाप मोजायचे, घाम पुसायचे आणि अर्धा तास फिरवल्याशिवाय तिला पाणी दाखवायचे नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळाचं मात्र थांबून सांगायला हवं, कारण आबा मला खरे कळले ते तेव्हा. विहिरी आटल्या, कडबा संपला, घरातली मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. घोडी ठेवणं शक्यच नव्हतं. व्यापारी दारात येऊन गेले आणि मागाल ती किंमत देतो म्हणाले. आबांनी चंद्रीला भीमाकाठी, न्हावऱ्याच्या पलीकडे आमच्या आत्याच्या सासरी नेलं. तिथे नदीकाठाने थोडाफार चारा होता. बोली ठरली: घोडी वापरा, पण गाडीला जुंपायची नाही, शिंगरू झालं तर निम्मं तुमचं, निम्मं आमचं, पाऊस पडला की घोडी परत. चार माणसांसमोर ठरलेली बोली. तरीही आबा दर अमावास्येच्या सुमारास जाऊन तिचे खूर उचलून बघून यायचे. आत्याच्या सासऱ्यांनी एकदा विचारलं, "आमच्यावर इस्वास नाही का?" आबा म्हणाले, "तुमच्यावर हाय. पर जनावर माझ्या नावावर हाय."

पुढच्या वर्षी चंद्री परत आली. बाविसाव्या वर्षापर्यंत जगली. शेवटची पाच वर्षं तिच्यावर कुणी बसलं नाही. दात झिजले तेव्हा आजी हरभऱ्याचा भरडा करून, भिजवून, हाताने कालवून द्यायची. गेली तेव्हा बांधाच्या कडुनिंबाखाली खड्डा खणला, मीठ टाकून पुरली.

त्या काळात सगळ्याच घोड्यांचं असं झालं, असं मी म्हणणार नाही. टांग्याच्या घोड्यांच्या खांद्यावर माशा बसलेल्या जखमा मी पाहिल्या आहेत. डोळ्याखाली भोवरा असला की घोडं आसूढाळ म्हणून बदनाम व्हायचं. अशा धडधाकट जनावराला गिऱ्हाईक मिळायचं नाही आणि ते हातोहात खाली घसरत कुणाच्या तरी ओझ्याखाली जायचं. क्रूरपणा तेव्हाही होता. पण घोडं कुणाचं आहे हे अख्ख्या गावाला माहीत असायचं. त्याची बरगडी दिसली तर मालकाला पारावर जाब द्यावा लागायचा.

गेल्या आषाढात मी गावी होतो. पाबळ-शिक्रापूर रस्त्यावर केंदूरच्या अलीकडे, ओढ्याच्या पुलाजवळ संध्याकाळी एक पांढरं घोडं उभं होतं. नुकरा. आयाळीला लावलेली मेंदी अर्धी उतरलेली, गळ्यात तुटक्या मण्यांची माळ. पुढचे खूर इतके वाढले होते की वहाणेच्या चोचीसारखे वर वळले होते आणि ते टाचेवर भार देऊन उभं होतं. समोर प्लास्टिकच्या पिशव्यांत फेकलेला लग्नाचा भात. रात्री कुणीतरी टेम्पोतून उतरवून गेलं, एवढंच पोरांना ठाऊक होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी ओठ वर करून दात पाहिले. लांब आणि पुढे कललेले. "अठराच्या आसपास," ते म्हणाले. म्हणजे अजून सात-आठ वर्षं सहज.

हे आषाढातच का घडतं, ते मला नंतर उमगलं. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात आणि आषाढात थांबतात. मधले चार महिने घोडं एक रुपया मिळवत नाही आणि खातं तेवढंच. तीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा किलोच्या आसपास सुका चारा लागतो, पाणी वीस-तीस लिटर. डीजेच्या भिंतीसमोर डांबरावर नाचवून पुढचे पाय गेलेले असतील तर पुढच्या हंगामाचीही आशा नाही. मग टेम्पो येतो.

काम गेलं, हे खरं मूळ. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या मध्ये देशातले घोडे-तट्टू सव्वासहा लाखांवरून 3.4 लाखांवर आले. सात वर्षांत जवळजवळ निम्मे. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या 2015 साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हाही काम थांबलेल्या जनावरांचं काय, हा प्रश्न उभा राहिलाच. आमच्याकडे 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. बैलांची चर्चा खूप झाली, घोड्यांची कुणी केली नाही. त्या बैलांसाठी आंदोलनं झाली, गाडामालकांनी त्यांना पोसलं. घाटातल्या घोड्या मात्र गुपचूप विकल्या गेल्या. 2021 च्या डिसेंबरात परवानगी परत मिळाली तेव्हा लोक पुन्हा घोड्या शोधत फिरू लागले. मधल्या टाळेबंदीत माथेरानच्या घोड्यांना बाहेरून चारा पाठवावा लागला होता. तिथल्या मालकांना मी दोष देत नाही, त्यांचं स्वतःचंच पोट त्या घोड्यावर होतं.

माझा राग आहे तो वेगळ्या घोड्यांबद्दल. चाकण, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यात जमिनींना भाव आला आणि पोरांच्या हातात पैसा आला, याचा मला आनंद आहे. त्यातून घोड्याचा नाद परत आला, याचाही. पण अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी शिंगरू आणायचं, देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का एवढी शुभलक्षणं पाहायची, बंगल्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये बांधायचं, वर्षभर फोटो काढायचे आणि मग वेळ नाही म्हणून सोडायचं? घोडं कळपातलं, चालणारं जनावर. तेवीस तास एका जागी बांधलं तर ते लाकूड चावू लागतं, डोलू लागतं. प्रेमाने जास्त धान्य घातलं तर पाय धरतात. नालबंद तर आमच्या भागात उरलाच नाही. त्या पांढऱ्या घोड्याचे खूर कापायला पुण्याहून माणूस बोलवावा लागला आणि तो यायला नऊ दिवस लागले.

ही दशा आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत 2007 साली घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने बंद झाले, मागोमाग मंदी आली आणि 'नकोसे घोडे' हा तिथे धोरणाचा विषय होऊन बसला. युरोपीय संघातल्या देशांत घोड्याला ओळखपत्र लागतं. आपल्याकडे 1960 चा कायदा जनावर विनाकारण सोडून देणं गुन्हा मानतो, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज किलोभर हरभराही येत नाही.

आणि म्हाताऱ्या घोड्याचा उपयोग संपतो, हे तरी पुणेकरांनी म्हणू नये. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण घोड्याच्या रक्तातून प्रतिविष तयार करता येतं. त्यातूनच 1966 साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. बाजरी काढताना घोणस चावलेला आमच्या गावचा जो माणूस आज चालतो-फिरतो, तो कुठल्या तरी घोड्याच्या रक्तावर वाचला आहे.

भीमथडीच्या तट्टांना 2024 साली देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ऐकून मला आबांची आठवण आली. नोंद झाली, चांगलं झालं. पण नोंदीने पोट भरत नाही. माझ्या मते ग्रामपंचायतीत कुत्र्या-मांजरांआधी घोड्यांची नोंद व्हावी, मालकाच्या नावासकट. तालुक्याला एक तरी नालबंद तयार करावा. हाताला काम नसलेली पोरं गावोगावी आहेत. आणि ज्याला घोडं ठेवणं खरंच झेपत नाही, त्याने आबांसारखं करावं: चार माणसांसमोर, बोली ठरवून, माहितीच्या घरी द्यावं आणि खूर बघायला जात राहावं. त्यात कमीपणा काही नाही.

ते पांढरं घोडं आता आमच्या गोठ्यात आहे. बैल केव्हाच गेले, तिथे पुतण्याचा ट्रॅक्टर उभा असतो. दाराजवळचा जुना मुरूम खणून नवा टाकला, उतार पुन्हा काढला. पहिले काही दिवस ते कुणाला मानेला हात लावू देत नव्हतं. परवा पुतण्याने फोन केला, खरारा करताना ओठ सैल सोडला म्हणाला.

यंदा दिवाळीनंतर अकलूजला शिंगरू बघायला निघणार असाल, तर आधी रात्री घरच्यांना एकत्र बसवा. ते शिंगरू वीस वर्षांचं होईल तेव्हा त्याचे हरभरे कोण भिजवणार, ते एका माणसाच्या तोंडून, नावानिशी ऐकून घ्या. नाव निघालं तर जरूर आणा, आणि खूर कापायचे झाले तर आम्हाला कळवा. पुण्याचा तो माणूस आता दर दीड महिन्याने केंदूरला येतो.