नवी बॅटरी, तरी टक टक

हरभऱ्याला वाफसा आलेला अन् ट्रॅक्टर सेल घेईना. बॅटरी चार वर्षांची, म्हटलं गेली असणार. जुनी बदल्यात देऊन नवी आणली, बसवली. चावी फिरवली तर तेच. नुसतं टक टक.

पोरगा म्हणाला, सेल्फ सोडवू. मी म्हटलं, थांब. मल्टीमीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे चार्ज पूर्ण. मग गिअर न्यूट्रल करून मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली अन् पोराला सेल मारायला लावला. तिथं अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, दिसले ४! अर्थिंगच धड नव्हतं. चेसीवरच्या बोल्टाखाली गंज अन् चिखल. मायनस सोडवला (तो आधी काढायचा, लावायचा शेवटी, नाहीतर पाना चेसीला टेकला की ठिणगी), बोल्टाची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, गच्च आवळून वरून व्हॅसलीन चोपडलं.

पहिल्याच सेलला इंजिन उठलं. पेरणी दिवे लावून उरकली.

जुनी बॅटरी बहुतेक चांगलीच होती. आता दुकानात परत मागायला कुठल्या तोंडाने जाऊ?