हातभर जागा

सातपाटीत तंगूस म्हटलं की समुद्र आठवतो. सुती जाळी जाऊन नायलॉनची आली ती बाबांच्या डोळ्यांदेखत. तोच तंगूस पुढे वाडीत गवत कापायला येईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

आमची वाडी किनाऱ्यापासून जरा आत. भाद्रपदात गवत कमरेला लागायचं. ते कापायला दरवर्षी पूर्वेकडच्या एका पाड्यावरून एक वारली काका यायचे. 1945 साली डहाणू-उंबरगावकडच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराखाली संप केला होता. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी, ही त्यांची मागणी. काकांनी ती हकीकत बापाच्या तोंडून ऐकलेली. विळ्याला धार लावता लावता ते ती आम्हाला सांगत.

बाबा गेले, त्यानंतर दोनच वर्षांनी काकांचे गुडघे गेले. मग मी आणि धाकटा भाऊ पालघरला यंत्र बघायला गेलो. दुकानदाराने चाकांचं यंत्र दाखवलं आणि लगेच म्हणाला, "हे सपाट हिरवळीला. तुमच्या वाडीत आळी, पाट, बुंधे. पहिल्याच फेरीत पातं मोडून बसाल." म्हणून खांद्याला अडकवायचं घेतलं. जाड तणाला लोखंडी पातं, वाटेच्या नि बांधाच्या कडेला तंगूस. लिटरभर पेट्रोलात 20 मिली ऑइल मिसळायचं. विसरलं तर इंजिन जाम.

काकांचं दोन दिवसांचं काम सकाळीच उरकलं. बांधाची कड अशी सरळ, की आई ओट्यावरून बघतच राहिली.

मला मात्र हाव सुटली. बाबांनी शेवटच्या पावसात लावलेलं आंब्याचं कलम होतं. त्याच्या बुडाशी चार काड्या राहिल्या होत्या. तंगूस फिरवला. गवत गेलं, त्याबरोबर साल गोल सोलून निघाली. पानांनी केलेलं अन्न मुळांकडे सालीतूनच उतरतं. ती चहूबाजूंनी तुटली की झाड वरून हिरवं दिसतं आणि खाली उपाशी मरतं. होळीपर्यंत कलम वाळलं. आई काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

काका बघायला आले. काठी बाजूला ठेवून एका नारळाच्या रोपाशी कसेबसे टेकले. डावा हात खोडाभोवती घातला, गवताची मूठ आपल्याकडे ओढली आणि विळा बाहेरच्या बाजूने चालवला.

"दादा, हात मधे असला की माणूस जपून कापतो," म्हणाले.

आता बांध नि वाटा यंत्राने करतो. प्रत्येक खोडाभोवती हातभर जागा सोडतो आणि तिथे विळा घेऊन बसतो.

त्या दिवशी मी काकांना पुऱ्या दिवसाची मजुरी दिली. त्यांनी नोटा मोजल्या, हसले.

"कापायची की शिकवायची?"

"दोन्हीची," मी म्हटलं.