पनवेल ते जेद्दाह : अंतर किती, सफर किती?

पनवेलच्या मोहल्ल्यातून कुणी उमऱ्याला निघाले की पहिली चिंता जेद्दाहची नसते, वाशीच्या पुलाची असते. सहारचा विमानतळ आमच्यापासून सुमारे चाळीस किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तास-सव्वा तास. अडला तर अडीच तासही पुरत नाहीत. म्हणून पहाटेच्या विमानासाठी आम्ही घरातल्या बुजुर्गांना मध्यरात्रीच उठवत आलो.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. पनवेलपासून तो दहा किलोमीटरच्या आसपास आहे. गंमत अशी की, सरळ रेषेत मोजले तर इथून जेद्दाह सहारपेक्षा वीसेक किलोमीटर लांब पडते. साडेतीन हजार किलोमीटरच्या सफरीत विमानाला हे अंतर दोन मिनिटांचे. आमचा मात्र रस्त्यावरचा तासभर वाचतो. म्हणून विमानाच्या तासांसोबत उंबरठ्यापासूनचे तासही मोजावेत. तिकीट काढताना विमानतळाचे नाव नीट पाहावे. सहारची खूण बीओएम, नवी मुंबईची एनएमआय.

तिकिटावरची वेळही समजून घ्यावी. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. सकाळी दहाला निघालेले विमान तिथल्या दुपारी एकला उतरले, तर सफर तीन तासांची नव्हे, साडेपाच तासांची झाली. परतताना वारा बहुधा पाठीमागून असतो, त्यामुळे वेळ थोडा कमी लागतो. रोजा असेल तर जाताना दिवस लांबतो. इफ्तार पनवेलच्या घड्याळावर नव्हे, विमानातून दिसणारा सूर्य मावळल्यावरच.

मीकातची घोषणा साधारणपणे उतरण्याच्या थोडा वेळ आधी होते. तेव्हा कपडे बदलायला धावपळ होते, स्वच्छतागृहापुढे रांग लागते. पुरुषांनी इहरामच्या चादरी घरूनच किंवा विमानतळावर नेसाव्यात आणि नियत मीकात येण्यापूर्वी करावी.

विमानतळ दाराशी आल्याने एक नवा सवालही आला आहे. कसर नमाज वेळेवर नव्हे, अंतरावर ठरते. बहुतेक आलिम ते ऐंशी किलोमीटरच्या आसपास धरतात आणि सफर वस्तीची हद्द ओलांडल्यावर सुरू होते. मग पनवेलकराने या विमानतळावर नमाज पूर्ण पढावी की कसर? निघण्याआधी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

१९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजानेही जात. कोकणातली माणसे आधी मुंबई गाठत, मुसाफिरखान्यात मुक्काम करीत, मग आठवडाभर किंवा त्याहून जास्त दर्यावर काढीत. आज तेच अंतर एका जेवणात आणि एका झोपेत सरते.

पण ही सोय फुकट आलेली नाही. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळवले गेले, दहा गावांनी आपली घरे सोडली. आमचा तासभर वाचला, तो कुणाच्या तरी अंगणावरून. या धावपट्टीवरून अल्लाहच्या घराकडे निघताना त्या शेजाऱ्यांसाठीही दुआ करावी, आणि परतल्यावर खजूर-जमजम त्यांच्या दारीही पोचवावे.